मला काढायचं ठरलं

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. पितळेचा, वाफेवर वाजणारा आणि थोडा संशयी. डेट्रॉइटमधल्या एका कारखान्याच्या छपरावर माझा जन्म गेला. मी ओरडलो की माणसं कामाला लागत. आधी त्यांनी शेगड्या केल्या, मग मोटारी, युद्धात रणगाडे, मग पुन्हा मोटारी. शहर वाढलं. श्रेय मोटारींना मिळालं. उठवलं मी.

१९८० नंतर शेजारचे भोंगे एकेक करून गप्प झाले. लोक जपानी मोटारींना दोष देत. मला कबुतरांचा संशय होता.

मला मराठी येतं. आमचा इंजिनियर चारुदत्त त्याच्या साहेबावर चिडला की छपरावर येऊन मराठीत बोलायचा, आणि साहेब त्याला रोज चिडवायचा.

एकदा त्याच्याबरोबर ड्रॉइंग विभागातली उत्तरा आली.

"शुक्रवारी ह्याला काढू या," ती म्हणाली.

मला घाम फुटला. वाफेच्या भोंग्याला तो लगेच फुटतो.

"काढ. पण आधी चिंचेनं घास. असा हिरवा काढलास तर लोक हसतील."

"घासते रे बाबा. तू फक्त शिडी धर."

"आणि डोकं कापू नकोस यार. पिकनिकला शैलेंद्रकाकांचं कापलंस."

"काका हलले, त्याला मी काय करू?"

शैलेंद्रकाकांना मी ओळखत नव्हतो, तरी मनातल्या मनात श्रद्धांजली वाहिली.

शुक्रवारी उत्तरानं मला चिंचेनं लख्ख घासलं. शेवटची अंघोळ, मी समजलो. मग तिनं पर्समधून एक काळी वस्तू काढून माझ्यावर रोखली. क्लिक!

फोटो! शहराच्या उद्योगांच्या प्रदर्शनासाठी त्यांना माझा फोटो काढायचा होता.

फोटो छान आला, डोक्यासकट. साहेबांनी त्याची मोठी प्रत कारखान्याच्या दारात टांगली, तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, "आता फोटो आहेच. मग वर भोंगा कशाला?" सोमवारी विजेची घंटा बसली आणि मला उतरवलं.

चारुदत्तानं मला भंगारातून मागून आणलं. आता मी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावी, त्याच्या गराजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी असतो. पाहुणे येतात, "काय सुंदर आहे हो!" म्हणतात. वाजतो का, ते कुणी विचारत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, त्यांचं कौतुकही करा. पण कौतुक झालं की त्यांना थोडं काम द्या. मला वाफच हवी असं नाही. कुणी तोंड लावून जोरात फुंकलं, तरी मी प्रयत्न करीन.