रंधा मशीन घरी आलं

आमच्या कोल्हारात माझ्या रंधा मशीनला माझ्यापेक्षा जास्त आमंत्रणं असतात. मी सूर्यभान, सुतार. दोन वर्षांपूर्वी मन घट्ट करून चांगल्या कंपनीचं मशीन घेतलं, तेव्हापासून गावात दुसऱ्या कुणी घेतलंच नाही. कशाला घेतील? किमती सारख्या वर चढतायत. फैयाज मिस्त्रीने मागं तसलंच दिसणारं स्वस्तातलं आणलं, तर महिन्याभरात मोटर जळाली. आता तोही माझंच नेतो.

"तुमच्या तोंडात न्हाई हा शब्दच न्हाई," असं माझी बायको चांगुणा म्हणते. खरं आहे तिचं. समोर माणूस उभा राहिला की माझी जीभ जड होते.

यंदा शिर्डीच्या एका लॉजची दहा सागवानी दारं मला मिळाली. एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा. मालकाने बजावलं होतं, "दसऱ्याला सकाळी दारं लागली पाहिजेत, नाहीतर मी रेडिमेड बसवतो."

मी बन्सी सुताराने नेलेलं मशीन आणायला त्याच्याकडे गेलो. त्याने ते फैयाजला देऊन टाकलेलं, मला न विचारता! फैयाजकडे गेलो, तर लग्नघराचं कपाट अर्धवट. "सूर्यभानभाऊ, एवढं उरकू द्या, उद्या पाठवतो." उद्या कसलं? ते तिथून परत बन्सीकडे गेलं, कारण बन्सीची चौकट अडली होती. माझ्याच मशीनसाठी मी रांगेत, आणि तोही शेवटी.

हातरंध्याने चार दारं तासून काढली, मग उजवा खांदा वर होईना. शेवटी वैतागून कोपरगावला दुसरं मशीन घ्यायला गेलो. दुकानदाराने भाव सांगितला. नीट ऐकू आला नसेल म्हणून पुन्हा विचारला, तर तोच. मागच्या वेळेपेक्षा जवळजवळ दीडपट! माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. काउंटरवर वाकून तो हळूच म्हणाला, "तुमी कोल्हारचे ना? मग कशाला खर्चात पडता? तुमच्याकडं एक मिस्त्री हाय, लई भला मानूस. कुनालाबी मशीन देतो म्हनं."

मी त्याला माझं नाव सांगितलं नाही. एसटीत बसल्यावर मात्र कोल्हार येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मशीन घरी आलं. त्या दिवशी हत्यार ज्याच्या त्याच्या घरी पूजेला लागतं, एवढी रीत सगळे पाळतात. बन्सीने ते स्वच्छ पुसून, वर झेंडूची माळ घालून आणलं. चांगुणाने करवत-पटाशीच्या शेजारी पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मी गुपचूप त्याची वायर बोर्डाकडे ओढायला लागलो. सहा दारं बाकी होती.

"आज न्हाई!" चांगुणा कडाडली. "आज हत्यार चालवायचं न्हाई."

"व्हय, आज तेला इसावा," बन्सी हात जोडून म्हणाला. वर्षभर ज्याने मशीनला दम खाऊ दिला नाही, तो हा!

मी लॉजच्या मालकाला फोन लावून एक दिवस मागितला. "राहू द्या मग," म्हणत त्याने फोन कापला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते.

बन्सी प्रसादाचं खोबरं चघळत अजून तिथेच होता. "काम गेलं म्हना," तो हळहळला. "मंग उद्या तुमाला मशीन लागनार न्हाई. सकाळी न्यायला येऊ का?"

"न्हाई," मी म्हणालो.

चांगुणा ताट हातात धरून जागच्या जागी थांबली. बन्सीला खरोखर वाईट वाटलं होतं.

"आवं, एवढी महागाची वस्तू," तो म्हणाला, "अन् घरात नुसती ठिवून देनार?"

त्याच्या पाठीमागेच रंधा न लागलेली ती सहा दारं भिंतीला टेकून उभी होती.