भिंतीतला लाव्हा

पर्वताच्या पोटात काय आहे ते बघायला कुणी खाली उतरत नाही. लाव्हा वर येताना वाटेतल्या खडकांची खूण अंगावर घेऊन येतो. त्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण मोजलं, की खोलवर जुन्या खंडाचा खडक दडलाय की नाही ते कळतं. मोजायचं बायकोने आणि जगाला सांगायचं नवऱ्याने, अशी त्या दोघांची वाटणी होती.

नवऱ्याने नकाशावर एक तांबडी रेघ मारली होती. रेघेच्या पूर्वेला, खोल, जुना खंड. दुसऱ्या दिवशी या रेघेच्या जोरावर तो विभागप्रमुख होणार होता. पूर्वेकडचा पुरावा मात्र थिजलेल्या लाव्हाच्या एकाच दगडाचा होता. त्या दगडाच्या, मोजून उरलेल्या तुकड्याला बायकोला सिमेंट चिकटलेलं दिसलं.

तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. "हा कुठून उचललास?"

"रस्त्याच्या कडेचा. गुडघा ठणकत होता, वर चढवेना."

"डोंगरातून, की संरक्षक भिंतीतून?"

"भिंत डोंगरालाच टेकलेली आहे."

"आणि दगड ट्रकने आलेत. कुठल्या खाणीतून, देव जाणे."

"तुझं यंत्र तर बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर. त्याने भिंत बरोबर मोजली."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही आई. यांचा पर्वत थोडा सरकलाय."

"मग आधी जेवून घ्या."

नवऱ्याने तुकडा ताटापासून लांब सारला. "निवड समिती काही दगड हातात घेऊन बघणार नाही."

"या रेघेच्या शोधनिबंधावर माझंही नाव आहे."

"तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला. संसारात या वाक्याचा अर्थ एकच असतो: करू नकोस.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी, सहलेखिका म्हणून बोलावलेल्या तिलाच विचारलं, "मोजमापाबद्दल काही शंका?"

"मोजमापाबद्दल नाही."

हे खरंच होतं. इथे थांबता आलं असतं. नवऱ्याने सुस्कारा टाकलेला तिला ऐकू आला.

"दगडाबद्दल आहे," ती म्हणाली. "तो रस्त्याच्या भिंतीतला आहे."

बाहेर आल्यावर त्याने नकाशाची गुंडाळी काखेत मारली. मग म्हणाला, "यापुढे कामाचं जे काय असेल ते ऑफिसातच बोलायचं."

"आणि घरी?"

तो पुढे होऊन जिना उतरू लागला. खाली दोघांची गाडी एकच होती.