गुलाबांचं पाणी

डहाणूतल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पाणी वर चढवायला पंप होता, तो होळीच्या आसपास जळला. दुरुस्त होऊन आला तोवर बोअरचंच पाणी खोल गेलं होतं, त्यामुळे पंप असून नसून सारखाच. नळाचं पाणी सकाळी थोडा वेळ खाली अंगणातल्या टाकीत यायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी वाहून न्यायचं. तळमजल्यावरच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. लाडकी तिसऱ्या मजल्यावर राहायची.

पिण्याचं, स्वयंपाकाचं, भांड्यांचं, नवऱ्याच्या, चिमणच्या, अंघोळीचं आणि संडासचं पाणी ती आधी वर न्यायची. मग गुलाबांचं. तोवर टाकीचा तळ दिसायला लागलेला असायचा आणि लाडकीच्या गुडघ्यांत कळा यायला लागलेल्या असायच्या. त्यानंतर भाकऱ्या थापून, चिमणला न्याहारी देऊन ती चिकूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर उभं राहून चिकू निवडायचे. मोठे एकीकडे, बारके एकीकडे, डागी वेगळे. वखारीत चिकू धुवायला मोठा हौद होता. त्यातलं पाणी दिवसातून दोनदा सोडून देत. गटारीतून धो धो वाहत जाणारं ते पाणी बघितलं की तिला तिसऱ्या मजल्याचा जिना आठवायचा.

गुलाब चिमणचे होते.

चिमणनं सारी हयात बोर्डीच्या एका वाडीत काढली. चिकूची कलमं बांधावीत तर त्यानंच, असं तिथे म्हणत. दोन वर्षांपूर्वी तो चिकूच्या झाडावरून पडला. फांदी दवानं ओली होती, पाय सटकला. कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळी बसवली, पण तो पहिल्यासारखा उभा राहिलाच नाही. कंबरेला पट्टा आणि हातात वॉकर घेऊन खोलीतून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीतून संडासपर्यंत, एवढंच त्याचं चालणं. वाकता तर मुळीच येत नव्हतं. मुलगा संदीप उंबरगावला कंपनीत कामाला. त्यानं डहाणूत ही जागा भाड्यानं घेतली. दवाखाना जवळ आणि आईलाही काम मिळेल, म्हणून.

पहिले सहा महिने चिमण गॅलरीत खुर्चीवर नुसता बसून राहायचा. जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. मग एका रविवारी संदीप बोर्डीला गेला आणि वाडीच्या कुंपणाला असतो तो गुलाबी देशी गुलाब, त्याच्या चार काड्या घेऊन आला. संदीपनं रंगाची रिकामी बादली स्टुलावर ठेवली आणि चिमणनं बसूनच त्या तिच्यात लावल्या. जगल्या. मग त्यानं त्यांच्यावर दुसऱ्या गुलाबांचे डोळे भरायला, म्हणजे कलमं करायला, सुरुवात केली. कुणाच्या अंगणातला लाल, कुणाचा पिवळा, शेजारची सरिता माहेरून घेऊन आली तो पांढरा. संदीप दर रविवारी बादल्या, तेलाचे डबे आणि मातीची पोती वर आणायचा. बघता बघता गॅलरी भरून गेली. चिमणची खुर्ची तेवढी मधे राहिली.

तो बोलायला लागला. रात्री झोपताना सांगायचा, “त्या कोपऱ्यातल्याला आज कोंब आलाय, बघितलास?”

लाडकी म्हणायची, “हो.”

तिनं बघितलेलं नसायचं. पाणी ओतताना ती फक्त मातीकडे बघायची. पण तो बोलतोय याचंच तिला बरं वाटायचं. त्या वर्षी पावसाळ्यात आणि थंडीत तिला त्या झाडांचा काही त्रासही नव्हता. तेव्हा नळ सोडला की गॅलरीच्या दारात पाणी यायचं.

त्रास सुरू झाला तो पंप जळल्यावर, उन्हाळ्यात. भांड्यांचं पाणी झाडांना घालून बघितलं, तर चिमण म्हणाला, “साबण आहे त्यात. मुळं जळतील.” तांदूळ धुतलेलं पाणी चालायचं, पण दोन माणसांच्या भातासाठी तांदूळ ते किती धुणार? ऊन असं की सकाळी घातलेलं पाणी दुपारीच सुकून जायचं. चिमण म्हणायचा, “संध्याकाळी पण थोडं घालायला पाहिजे.” सांगताना त्याचा आवाज अगदी मऊ असायचा. तो कधी हुकूम सोडायचा नाही, आणि म्हणूनच तिला नाही म्हणता यायचं नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी ती वखारीतून आली. हाताला चिकूचा चीक चिकटलेला, पाय सुजून चपलेबाहेर आलेले. टाकीत तळाशी उरलेलं अर्धी बादली पाणी तिनं वर आणलं. गॅलरीत उभी राहिली आणि प्रत्येक कुंडीवर तिनं हातानं नुसता शिडकावा केला. माती काळी दिसायला लागली. चिमण खुर्चीवरून बघत होता.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं,” ती म्हणाली.

त्या रात्री तिला लवकर झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तिनं तसंच केलं. मग रोजच. वरची माती ओली दिसायची आणि खाली मुळांशी काही पोचायचं नाही. चिमणला वाकता येत नसल्यानं त्याला बोट घालून बघता यायचं नाही. लाडकीच्या रोजच्या चार खेपा वाचल्या. आपण काय करतोय ते तिला कळत होतं. मेली तर मेली, असं ती मनात एकदा स्पष्ट म्हणालीही. एकदा मेली की सुटलो. मग लगेच तिनं चिमणकडे बघितलं आणि त्याच्या ताटात भाजी जास्त वाढली.

आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. कळ्या उमलायच्या आधीच माना टाकायला लागल्या. चिमण अस्वस्थ झाला. जवळची पानं तोडून उजेडाकडे धरायचा, उलटीपालटी करायचा.

“लाल कोळी लागला वाटतं,” तो म्हणाला. “बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. स्टेशनजवळ त्या मनिषभाईचं खताचं दुकान आहे ना, तिथून औषध आणशील? पान घेऊन जा, त्याला दाखव.”

लाडकीनं पान घेतलं. वखार सुटल्यावर दुकानात गेली. मनिषभाईनं चष्मा लावून पान बघितलं, चुरगळलं. त्याचा भुगा झाला.

“बेन, पाणी किती घालता याला?”

“रोज घालते.”

“पोटभर?”

लाडकी हातावरचा चीक चोळायला लागली.

“ह्याला किडा नाही,” तो म्हणाला. “औषध मागाल तर देतो, पण उपयोग काही नाही. ह्याला तहान लागली आहे. कुंडीच्या खालून पाणी गळेपर्यंत घाला.”

ती दुकानातून निघाली. वाटेत तिला वाटलं, कुठलीतरी एक बाटली घ्यावी आणि सांगावं की फवारायचं आहे. तो बिचारा फवारत बसेल, झाडं मरतील, आणि औषध लागू पडलं नाही म्हणून तो कपाळाला हात लावेल. इथपर्यंत विचार आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. ती रिकाम्या हातानं घरी आली.

चिमण दाराकडेच बघत होता. “मिळालं?”

“नाही. कोळी नाहीये तो.”

“मग?”

लाडकी खाली फरशीवर बसली. पाठ भिंतीला टेकवली. “मी पाणीच घालत नव्हते. वरून शिंपडत होते नुसती. तुला ओलं दिसावं म्हणून.”

चिमणला आधी समजलंच नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. मग समजलं.

“किती दिवस?”

“झाले बरेच.”

“मला सांगायचं ना.”

“काय सांगायचं?”

“जमत नाही म्हणून सांगायचं. मुकी झाडं ती. त्यांना तहानेनं मारत होतीस तू. उद्या मीही जड झालो तर मलाही असंच करशील. वरून वरून पाणी दाखवशील.”

हे मात्र लाडकीला सोसलं नाही. “तुला कमी केलंय कधी?” ती ओरडली. “तुझी अंघोळ एक दिवस तरी चुकली का? मी स्वतः दिवसाआड करते, माहीत आहे तुला? अंगाला वास येतो म्हणून वखारीत बायका लांब उभ्या राहतात माझ्यापासून. आधी तुझं पाणी येतं वर, मग घराचं, आणि सगळ्यात शेवटी माझं. त्या शेवटच्यातनं मी ह्यांना घालायचं. कुठून घालू?”

ती उठली, स्वयंपाकाला लागली.

पुढचे दोन दिवस चिमण गॅलरीत गेलाच नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लाडकीला ते बघवेना. तिनं जास्तीच्या खेपा सुरू केल्या आणि प्रत्येक कुंडीतून खाली पाणी गळेपर्यंत ओतलं. त्याला मुद्दाम ऐकू जाईल असा बादलीचा आवाज करत ओतलं. तो उठला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा गुडघा दुमडला. बादली हातातून सुटली आणि पायऱ्यांवरून खाली गडगडत गेली. पाणी थेट तळमजल्यापर्यंत वाहिलं. लाडकी पायरीवर बसली ती बसलीच. उठावं असंही तिला वाटेना. ओल्या लुगड्यात, भिंतीला डोकं टेकून, ती बाजूनं हंडे घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांकडे बघत होती.

सरिता वर येताना थांबली. “मावशी, लागलं का?”

“नाही गं. बसलेय जरा.”

“चला, मी धरते.”

“राहू दे. बसू दे मला.”

सरितानं ऐकलं नाही. तिला काखेत धरून उठवलं आणि एकेक पायरी करत वर आणलं. चिमण वॉकर धरून दारात उभा होता. बादलीचा आवाज ऐकून तो पलंगावरून कसाबसा उठला होता. दारापलीकडे त्याला येता येईना. त्यानं बायकोला आत येताना बघितलं. तिचे केस सुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि चेहऱ्यावर रागही नाही, रडूही नाही.

“काका, आज मावशींना कामाला पाठवू नका,” सरिता म्हणाली. “पाणी मी आणते आजचं.”

लाडकी त्या दिवशी घरीच राहिली. गुडघ्याला सरितानं हळदीचा लेप बांधला. दुपारी ती पडली होती, तेव्हा चिमणची खुर्ची तिच्या पलंगाजवळ सरकल्याचा आवाज आला.

“तुला किती जमतील?” त्यानं विचारलं.

“काय?”

“कुंड्या. किती कुंड्यांचं पाणी तुला जमेल? खरं सांग.”

लाडकीनं विचार केला. खरं सांग म्हणाला म्हणून खराच विचार केला.

“तीन.”

“तीनच?”

“तीन.”

चिमणनं गॅलरीकडे बघितलं. “बरं,” तो म्हणाला. “कुठल्या तीन?”

“तू सांग. तुझी झाडं आहेत.”

“मी सांगितलं तर सगळीच सांगेन. तू सांग.”

“मला काय कळतं त्यातलं? मी कधी नीट बघितलीच नाहीत.”

“मग बघ आता.”

त्यानं तिला हात दिला. कुणी कुणाला सावरलं ते सांगता येणार नाही, पण दोघं गॅलरीत पोचले. लाडकीनं एकेक झाड बघितलं. काही पार वाळली होती, काडी मोडली तर कडकन मोडायची. लाल गुलाबाला दोन दिवसांच्या पाण्यानंच खालून बारीक तांबूस कोंब फुटला होता. देशी गुलाबीची पानं करपली होती, पण खोड हिरवं होतं. तिनं तो ठेवला. तो लाल ठेवला. तिसऱ्यापाशी ती अडली. पिवळा चिमणचा लाडका होता हे तिला माहीत होतं, आणि तो सगळ्यात जास्त पाणी प्यायचा हेही.

“हा नको,” ती म्हणाली.

“नको तर नको.”

तिनं सरिताचा पांढरा ठेवला.

रविवारी संदीप आला. वाळलेली झाडं त्यानं उपटून टाकली. जगण्यासारखी होती ती काही सरितानं नेली, काही तळमजल्यावरच्यांनी. उरलेली रिक्षात घालून तो बोर्डीच्या वाडीत पोचवायला निघाला. तो पिवळा उचलत असताना चिमण म्हणाला, “त्याला वाडीतल्या पंपाजवळ ठेव. तिथे ओल असते.” मग खुर्ची फिरवून आत बघत बसला. आजोळी पोर पाठवताना बाप बसतो तसा.

संध्याकाळी तीन कुंड्या सोडल्या तर गॅलरी रिकामी होती. फरशीवर बादल्यांचे गोल डाग राहिले होते. लाडकीनं झाडून घेतलं, गोधडी आणली आणि तिथेच पाय लांब करून बसली. ह्या घरात आल्यापासून ती गॅलरीत कधी बसली नव्हती. समुद्राकडून वारा येत होता, खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं.

“गार लागतं रे इथं,” ती म्हणाली.

“लागतंच. म्हणून तर मी बसायचो.”

“मला वाटायचं झाडांसाठी बसतोस.”

“झाडांसाठीही.” मग तो म्हणाला, “मला अजून राग आहे तुझा.”

“असू दे.”

“थोडा.”

“बरं.”

ती आडवी झाली. भात टाकायचा होता, पण आत्ता उठते, आत्ता उठते असं म्हणता म्हणता तिचे डोळे मिटले. चिमण खुर्चीवर बसून होता. अंधार पडला तरी त्यानं दिवा लावला नाही. मग आत फोन वाजला. वॉकर टेकत टेकत जाऊन त्यानं तो उचलला. झाडं पोचवली म्हणून सांगायला संदीपनंच केला होता.

“हळू बोल,” चिमण म्हणाला. “झोपलीये ती.”