ताई परांचीवर चढल्या

निविदेतली ती अट वाचून धोंडबा ठेकेदार पोट धरून हसला. रामदासपेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यावर दुसरा मजला चढवायचा होता. परांची, तिचा कठडा आणि दोर यांची रक्कम दवाखान्याचं मंडळ वेगळी देणार होतं. दर पाडायच्या चढाओढीत त्या रकमेला कुणी हात लावायचा नाही. शिवाय दर शनिवारी मंडळाच्या चिटणीस सिंधूताई स्वतः परांचीवर चढून पाहणार, मगच बिल निघणार.

सिंधूताई म्हणजे निवृत्त मेट्रन. अंगाने भारदस्त, गुडघे दुखरे.

"ही बाई कायची चढते?" धोंडबा बायकोला, प्रेमिलाला म्हणाला. "खालूनच मान हालवते अन् जाते घरी."

म्हणजे वेगळी रक्कम खिशात आणि परांची नेहमीचीच, जुने बांबू, कुजकी सुतळी, वर दोन फळ्या. सगळ्यांत कमी दर त्याचा असायचा तो असाच. त्याच परांचीवर त्याचा भाऊजी, बहिणीचा नवरा रामाजी मिस्त्री चढायचा. आईबाप गेल्यावर या रामाजीनेच धोंडबाला घरात घेतलं होतं, हातात थापी दिली होती. पण रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस दिसतं थोडंच!

काम त्यालाच मिळालं. पहिल्या शनिवारी ताईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि शिडीला हात घातला. धोंडबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, राहू द्या ना! पडाल तुमी!"

"मी पडेन, आणि रामाजी पडणार नाही?"

"त्याईले सवय आहे."

"माझ्या वॉर्डात हाडं मोडून आले, त्या सगळ्यांना सवयच होती."

वरचा बांबू करकरला. धोंडबाने दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली. "उतरा ताई, पाया पडतो तुमच्या."

त्या उतरल्या. बिल काही निघालं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं. पुढच्या शनिवारी नवे बांबू, अंगाला अंग लावून बसवलेल्या फळ्या आणि कमरेएवढा कठडा तयार होता. ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि वरच चहा मागवला. खाली धोंडबा त्यांच्या नावाने बोटं मोडत होता.

मे महिना आला. दुपारी रामाजी वर गिलावा करत होता. खालून धोंडबाने पाहिलं, रामाजीने कपाळाला हात लावला, थापी सुटली आणि तो बाहेरच्या बाजूला कलला. रामाजी कठड्यावर आदळला. बांबू वाकला, पण तुटला नाही. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा तो कठड्यावर लोंबत राहिला आणि शेजारच्या दोन रेजांनी, मजूर बायांनी, त्याला आत ओढलं.

खाली आणून पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले. "माही थापी कुठं गेली गा?"

धोंडबा त्याचे पाय धरून लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन ताईंच्या दारात उभा राहिला.

"ठेकेदाराकडून मी काही घेत नाही."

"ठेकेदार म्हून नाही आणली, ताई. रामाजीचा साळा म्हून आणली."

ताईंनी एक तुकडा उचलला. "बाकीची त्या रेजांना दे."

"ताई, मी तुमाले लय शिव्या देल्या."

"ठाऊक आहे. वर सगळं ऐकू येतं," ताई बर्फी खात म्हणाल्या. धोंडबा वाकून पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही.

गरज सरो, वैद्य मरो, ही तर जगाची रीत. पुढचं काम प्रताप नगरातल्या बंगल्याचं होतं. तिथे ना अट, ना ताई. तरी धोंडबाने परांचीचा खर्च वेगळा मांडला, मालकाशी भांडून मान्य करून घेतला. पहिल्या शनिवारी तो प्रेमिलाला घेऊन आला.

"चढ वं."

"मी? मी काहून?"

"ताईचे गुडघे दुखून राहिले म्हून."

रामाजी आता कडुलिंबाखाली बसून काम पाहायचा. वर जाणारे होते ते दुसऱ्या कुणाचे तरी भाऊजी. प्रेमिलाने मजुरांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, पदर खोचला आणि ती चढली. वर जाऊन तिने कठडा गदागदा हलवला.

"घट्ट आहे!" ती ओरडली.

धोंडबाने मान हलवली. शिडी त्याने अजून दोन्ही हातांनी गच्च धरली होती.