निधड्या छातीचा

"इथं बघा, मॅडम! अस्वल चार हात अंतरावर, आणि हा हसतोय!" दिग्दर्शकानं पडद्यावरचं चित्र थांबवलं. "असला निधड्या छातीचा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

पडद्यावर माझा धाकटा भाऊ होता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या गोळ्या फेकून, माणसांचा वीट आला म्हणत तो रानात अस्वलांत राहायला गेला. त्याच्यावरच हा माहितीपट. घरच्यांची सही हवी म्हणून मला बोलावलं होतं.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. खुर्चीतला पेशंट "काही नाही हो" म्हणतो, तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघते. पायांना थापा मारता येत नाहीत. भावाच्या अनवाणी पायांची बोटं आत वळून मातीत रुतली होती.

"हा घाबरलाय," मी म्हणाले.

"घाबरलेला माणूस हसतो होय?"

"हा हसतो. लहानपणी विहिरीत पडला, तेव्हाही हसत होता. नाटकं करतोय म्हणून आईनं वर काढल्यावर धपाटा घातला. हे कधीचं आहे?"

"बारा दिवस झाले. आम्ही निघालो तेव्हाचं. चल म्हटलं, तर नुसता हसला. आम्हाला वाटलं, मजेत आहे."

त्याला कशाला दोष देऊ? तीन वर्षं फोनवर तेच हसू मीही ऐकत होते. कळत होतं, पण त्याला घरी आणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"गाडी काढा. आधी त्याला फोन लावा."

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. त्यानं वनचौकीला कळवलं आणि भावाजवळच्या सॅटेलाइट फोनवर नंबर फिरवला.

"ताई!" भाऊ खळखळून हसला.

"मी निघालेय. तोवर खोपटात जा आणि दार लावून घे. ऐकतोयस ना?"

"मी खोपटातच आहे. दार नाहीये गं."

"म्हणजे?"

"काढून टाकलं. त्यांना बाहेर थंडी वाजते ना." तो पुन्हा हसला. "तिघं आत आलीत, ताई. मी कोपऱ्यात आहे."

"हलू नकोस. फोन ठेवू नकोस."

मी फोन घेऊनच गाडीत चढले. चौकीची माणसं पोचायला अर्धा तास तरी लागणार होता. कानाशी त्याचं हसू चालू होतं, आणि मी सारखी म्हणत होते, "हस, राजा. हसत राहा."