दोन्ही गाड्यांना चालणारं घर

राग माझ्या नाकावर असतो, म्हणून कामावर घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी माझं नाव फ्यूज ठेवलं. गाड्यांचं वायरिंग मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांचा एक नियम होता. दिवा लागला नाही तर दिव्याला नावं ठेवायची नाहीत, आधी आपला जोड तपासायचा. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे आणि त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, आपल्या कॅराव्हॅनमध्ये मास्तर राहतात. राहतात कसले, अडकून पडलेत. उगाच गोड कशाला बोलू?

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. पलंग, शेगडी, खिडकीखाली एक फळी, फळीवर टेस्टर आणि बायकोचा चष्मा. बायको गेल्यावर मास्तरांनी ठरवलं की मुलांच्या घरात शिरायचं नाही, दारात राहायचं. सहा महिने थोरल्याच्या, सहा महिने धाकट्याच्या. सुनांना अडचण नको आणि नातवंडं हाकेच्या अंतरावर हवीत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

थोरल्याकडे ट्रक आहे, चोवीस व्होल्टचा. धाकट्याकडे जीप, बारा व्होल्टची. कॅराव्हॅनचे मागचे दिवे होते चोवीसचे. जीपला जोडले तर ते नुसते मिणमिणायचे, मागच्या गाडीला पुढच्याने ब्रेक मारलाय हे कळलंही नसतं. त्यामुळे पाच वर्षं, वर्षातून दोनदा, थोरलाच यायचा. कुरकुरत यायचा, पण यायचा.

मग गेल्या वर्षी तो म्हणाला, दर वेळी मीच का? दोन्ही गाड्यांना चालेल असं वायरिंग करून घ्या, म्हणजे आम्ही वाटून घेऊ. त्याने कॅराव्हॅन माझ्या गॅरेजला आणून सोडली. इथून पुढे न्यायची पाळी धाकट्याची होती. मास्तर इतके खूश होते की उतरतानाच मला म्हणाले, "मुलं मला वाटून घेणार आहेत, फ्यूज."

मी चार दिवस खपलो. सगळे बल्ब बाराचे घातले. गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर दोन सॉकेट बसवले, दोन वेगळ्या आकारांचे, म्हणजे एखाद्या दीडशहाण्याने ट्रकचा प्लग जीपच्या सॉकेटमध्ये घालायचं म्हटलं तरी तो जाणार नाही. जीपचं सरळ होतं, बाराला बारा. ट्रकच्या चोवीसने मात्र फक्त रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे खटके, ओढायचे आणि दिवे लागायचे ते खोलीच्या स्वतःच्या बॅटरीवर. दुरुस्तीला आलेला एक ट्रक आणि एक जीप पाळीपाळीने लावून मी पेडल दाबत होतो आणि मास्तर मागे उभे राहून ओरडत होते, डावा, उजवा, ब्रेक. एकही चूक निघाली नाही. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, दादाचा ट्रक त्याच रस्त्याने जातो की, त्याला काय जड आहे? थोरल्याला केला. तो म्हणाला, आता जीपला चालतं ना, मग एवढं वायरिंग केलं कशाला? मग सुरू झाली टोलवाटोलवी. एकाचा क्लच गेला, दुसऱ्याची पाठ धरली. मी दोघांनाही फोनवर झाडलं. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमेकांचं नाव सांगितलं. असं भिजत घोंगडं सात महिने पडलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते काही खोटं नाही. आणि दुसऱ्या घराची वाट मीच करून दिली होती.

मास्तर मुलांबद्दल चकार शब्द काढत नव्हते. रोज सकाळी टायरची हवा बघायचे, सॉकेटवरची धूळ पुसायचे. एका शुक्रवारी ते पाना घेऊन माझ्याकडे आले.

"बाराचा सॉकेट काढून टाक."

मी म्हटलं, चांगलं चाललेलं काम मी मोडणार नाही.

"जोवर एकालाच जमत होतं," ते म्हणाले, "तोवर तो येत होता."

मी सॉकेट काढला, तारा मागे ओढून घेतल्या आणि भोकावर पत्रा ठोकला. मग थोरल्याला कळवलं की आता जीपला जमत नाही, तुलाच यावं लागेल. तो म्हणाला, रविवारी येतो. मास्तरांनी त्याच संध्याकाळी फळीवरचं सामान कपड्यात गुंडाळून ठेवलं.

शनिवारी सकाळी दारात जीप येऊन थांबली. धाकटा. मुलगी रोज आजोबा कधी येणार म्हणून विचारते, म्हणाला, दारातली जागा साफ करून आलोय. मास्तर पायरीवरून उठून उभे राहिले. धाकटा प्लग हातात घेऊन दांड्याजवळ वाकला आणि त्याला पत्रा दिसला.

मी म्हटलं, दादाला उद्या बोलावलंय, पण दोन तास दे, होता तसा जोडून देतो. मी पाना उचललाही. त्याने घड्याळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान पसरताना मी बघितलं, आणि मास्तरांनीही बघितलं.

"दादा उद्या येणारच आहे ना, काका? मग कशाला उगाच तुम्हाला त्रास," तो मला म्हणाला. वडिलांच्या खांद्यावर थोपटून तो गेला.

रविवारी थोरला आला नाही, त्याचा फोन आला. धाकटा जीप घेऊन आला होता म्हणे, मग नेलं का नाही? सॉकेट परत जोडा, तो नेईल. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने काही फरक पडला नाही. त्यानंतर दोघंही फोन उचलेनासे झाले.

सोमवारी मी पत्रा काढून सॉकेट परत बसवला. कशासाठी, ते मला विचारू नका. मास्तर म्हणाले, तपासून घेऊ. ओढायला गाडी नव्हती, म्हणून बॅटरीची एक तार हातात धरून ते सॉकेटच्या एकेका पिनेला लावत गेले आणि मी मागे उभा राहिलो. डावा लागला. उजवा लागला. ब्रेकचे दोन्ही लालभडक लागले.

"लागतायत, मास्तर," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

ते दांड्याशी वाकूनच होते. तार त्यांच्या हातात तशीच होती.

"परत एकदा बघू," ते म्हणाले. "आपलाच कुठला तरी जोड ढिला असेल."

मी परत मागे जाऊन उभा राहिलो.