अकरा नावं

आमच्या शाळेत प्रगत विज्ञानाचे दोनच वर्ग होते, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र. दोन्ही तिसऱ्या तासाला, म्हणजे एकच घेता यायचा. त्यात दहा नावं आली नाहीत तर वर्ग रद्द. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडच्या आमच्या बटाट्याच्या गावात दहा जण जमवणं सोपं नव्हतं.

कोरिनला इंजिनिअर व्हायचं होतं. तिला हव्या त्या कॉलेजात प्रगत भौतिकशास्त्राशिवाय सहसा कुणाला घेत नसत. मार्चभर ती जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलाशी जाऊन पुढच्या वर्षासाठी नावं गोळा करत होती.

"थॅड, अख्खा ट्रॅक्टर खोलतोस आणि भौतिकशास्त्राला घाबरतोस?"

"ट्रॅक्टर परीक्षा घेत नाही, बाई."

तरी त्याने नाव दिलं. मीही दिलं. अकरा झाली.

"तू आहेस म्हणून गं, नोएला," कोरिन म्हणाली आणि काकवीच्या बिस्किटाचा मोठा तुकडा तिने माझ्याकडे सरकवला.

मला खरं तर जीवशास्त्र हवं होतं. आदल्या उन्हाळ्यात मी डबक्याच्या पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघत दिवसच्या दिवस काढले होते. पण हे तिला सांगायचा धीर झाला नाही. फॉर्म बदलायची मुदत शुक्रवारी दुपारपर्यंत होती. शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात गेले, पेन्सिलीने लिहिलेलं 'भौतिकशास्त्र' खोडलं आणि 'जीवशास्त्र' लिहिलं. अकरातून एक गेला की दहा उरतात, वर्ग वाचतो. हिशेब मी दोनदा तपासला होता.

सोमवारी दारावर यादी लागली. भौतिकशास्त्राखाली नऊ नावं, आणि त्यांवर आडवी रेघ.

कोरिन बोट ठेवून एकेक नाव वाचत होती. मागे थॅड उभा होता, कानापर्यंत लाल झालेला.

"मी गुरुवारी बदललं. वाटलं, अकरा आहेत, एक गेला तर..."

"मलाही तेच वाटलं," मी म्हटलं.

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला सांगायचं ना. शुक्रवारपर्यंत मी आणखी कुणीतरी शोधलं असतं."

मी धावत ऑफिसात गेले. तिथल्या ह्यूझबाईंनी चष्मा काढला. "वेळापत्रक छापून झालं, बाळा. तो तास भौतिकशास्त्राच्या सरांना नववीसाठी दिला."

संगणकावरून शिकायची सोय होती, पण कोरिनच्या शेतावरच्या घरी इंटरनेट टिकत नसे.

सप्टेंबरात ती जीवशास्त्राच्या वर्गात माझ्याच टेबलाला आली. आडनावांच्या क्रमाने आम्हाला तसं बसवलं होतं. कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर तिने माझ्यापेक्षा नीट पसरलं. सरांनी विभाजन होत असलेल्या पेशी मोजायला सांगितलं होतं.

"अकरा," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ती म्हणाली. मग बाजूला झाली. "तूही मोज. आणि जे असेल ते मला सांग."

मी मोजल्या. अकराच होत्या. मी तिला सांगितलं, आणि तिने वहीत लिहून घेतलं.